मेलेल्या माणसांची औषधं

कोली खोऱ्यात कुणी गेलं की पहिला फोन पाद्रीबाबांना जायचा, दुसरा वर्डी नोबलला आणि प्रेत न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यांना तिसरा. हा क्रम कुणी ठरवून दिलेला नव्हता, पण तो मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता. पाद्रीबाबा रडणाऱ्यांना सांभाळायचे, वर्डी घर सांभाळायची. आजाऱ्याच्या खाटेवरच्या चादरी काढायच्या, उशा उन्हात टाकायच्या, खिडक्या सताड उघडून खोलीतला तो कोंदट वास घालवायचा. आणि हे सगळं करायच्या आधी, अंगातला कोटसुद्धा न काढता, गेलेल्या माणसाची औषधं उचलून आपल्या ताब्यात घ्यायची.

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. वाटू दे. केंटकीच्या या डोंगरात ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना विचारा. खाणींनी आमच्या माणसांच्या पाठी मोडल्या, मोडलेल्या पाठींवर डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि इतक्या दिल्या की त्या गोळ्यांनी पुढची अख्खी पिढी खाल्ली. कुणाची मयत कधी आहे ते पेपरात छापून आलं की त्या वेळेला घर रिकामं असणार हे हेरून लोक खिडकी फोडून आत शिरायचे. टीव्हीला हात नाही, कपाटातल्या दागिन्याला हात नाही, थेट न्हाणीघरातला औषधांचा खण. आणि बाहेरचे चोर तरी परवडले म्हणायचे. घरातलाच कुणी पुतण्या डोळे पुसत आत जायचा आणि खिसा फुगवून बाहेर यायचा.

वर्डीचा एकुलता एक मुलगा, रँडल, असाच गेला. तिचे सासरे वारले तेव्हा त्यांच्या पाठीच्या गोळ्या खिडकीत तशाच राहिल्या होत्या. वर्डी पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत होती. पोरानं त्यातल्या एक-दोन घेऊन पाहिल्या, आणि पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही, आमच्याकडे घरटी तेच आहे. कुणी तिला बोल लावला नाही. तिनं स्वतःला लावला तेवढा पुरेसा होता. तेव्हापासून खोऱ्यातल्या एकाही मयतीच्या घरात गोळी शिल्लक राहिली नाही.

वर्डी हाडापेरानं दणकट बाई. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला, खोऱ्यातली निम्मी पोरं तिच्या ओरड्याला घाबरत मोठी झाली. घरात ती आणि तिची थोरली बहीण मोझेल. मोझेलनं लग्न केलं नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं आणि जिभेची धार शेवटपर्यंत बोथट होऊ दिली नाही. वर्डीचा नवरा गेल्यावर दोघी एकाच घरात राहायला लागल्या, आणि दिवसभर एकमेकींना टाकून बोलण्यात त्यांचे दिवस छान जात होते.

वर्डीची एक खोड होती आणि तीच पुढे नडली. ती औषधांच्या बाटल्या बाटल्या म्हणून ठेवत नसे. सगळ्या गोळ्या एका कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतायची, बाटल्यांवरची नावाची कागदी पट्टी नखानं खरवडून काढायची आणि चुलीत जाळायची. मोझेल म्हणायची, "एवढी उठाठेव कशाला? टाक की तशाच." वर्डी म्हणायची, "त्यावर नाव असतं, रोग असतो. मेलेल्या माणसाचं नाव कचऱ्यात लोळायला नको." मग कधी गावात काम निघालं की शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीच्या दारात जी जुनी औषधं टाकायची लोखंडी पेटी आहे, तिच्यात डबा पालथा करून यायची. कुणी तिला हे काम सांगितलं नव्हतं, आणि ती कधी कुणाला हे सांगत फिरली नाही.

मोझेलला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तो उन्हाळ्यात. डॉक्टरांनी थोडे दिवस हात-पाय हलवले आणि मग सरळ सांगितलं की आता घरी न्या. त्याच आठवड्यात दोघी ओसरीवर शेंगांच्या शिरा काढत बसल्या होत्या.

"वर्डे, एक बोलू?"

"नको म्हटलं तरी बोलणारच."

"मला एकटीला मरायचं नाही. बाकी कशाची भीती नाही मला. पण खोलीत कुणी नाही आणि मी चाललेय, हे डोळ्यांपुढे आलं की घाम फुटतो."

"मी आहे ना."

"तूच हवीस. ओढ्यापलीकडची आयसी नको. ती बोलून बोलून मला आदल्या दिवशीच मारेल."

वर्डी हसली नाही. तिनं शेंगांचं टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी तुझ्या खाटेजवळून उठणार नाही." मोझेलनं मान हलवली, आणि दोघी परत शेंगांना लागल्या. त्या दिवसानंतर वर्डीला जगात दुसरं काही नको होतं, तेवढा एक शब्द पाळायचा होता.

ओकी टर्नर गेला शरद लागता लागता. त्याची मयत शुक्रवारी झाली. जेवणं आटोपल्यावर वर्डी त्याच्या गोळ्यांचा डबा गाडीत ठेवून घरी निघाली. डब्यात आधीच्या दोन घरांच्याही होत्या, कारण मोझेलच्या दुखण्यात तिचं गावात जाणंच झालं नव्हतं. चर्चच्या वळणावर मागून दिवे लागले. गाडीतून उतरला तो डस्टिन स्लोन, शेरीफचा डेप्युटी, एके काळी तिच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसून मस्ती करणारा. त्याच्याबरोबर एक परका अधिकारी होता, नशेच्या मालावर धाडी घालायला जिल्ह्याबाहेरून आलेला, आणि एक कुत्रा.

"वर्डीमावशी, मागचा दिवा गेलाय."

"गेला असेल. गाडीचंही वय झालं, माझंही."

परक्यानं वाकून विचारलं, "बाई, गाडीत असं काही आहे का, जे आम्हाला माहीत असायला हवं?"

आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, नाही साहेब. वर्डी म्हणाली, "ओकीची औषधं आहेत." आणि तिनं स्वतःच्या हातानं डब्याचं झाकण उघडून दाखवलं.

डस्टिनचा चेहरा पांढरा पडला. डबाभर गोळ्या, त्यातल्या बऱ्याचशा त्याच त्या जबर वेदनेवरच्या, एकावरही कुणाचं नाव नाही, आणि डॉक्टरची चिठ्ठी तर वर्डीच्या नावाची असण्याचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, "मावशी, बाटल्यांवरच्या पट्ट्या कुठायत?" ती म्हणाली, "जाळल्या." त्या परक्यानं डस्टिनकडे पाहिलं.

कचेरीत नेल्यावर डस्टिननं तिला तिचे हक्क वाचून दाखवले, पण अशा आवाजात की त्याला ते वाचायचेच नव्हते. गप्प बसायचा हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे. "वकील हवाय का, मावशी?"

"मी काय केलंय म्हणून वकील करू?"

आमच्या खोऱ्यात हे असंच आहे, पिढ्यान् पिढ्या. वकील मागितला म्हणजे पाणी मुरतंय असं समजतात. सरळ माणूस सरळ बोलतो आणि सरळ घरी जातो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय आणि डोळे मिटून मानलंय. कितीजण सरळ बोलून सरळ आत गेले त्याकडे कुणी पाहत नाही. वर्डीही बोलली. परका अधिकारी सभ्य होता, त्यानं तिला कॉफी दिली.

"या गोळ्या कशाच्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"चांगलंच. ह्यांनीच माझा पोरगा नेला."

"आणि त्या तुमच्या ताब्यात होत्या?"

"मग आणखी कुणाच्या?"

"यातली कधी कुणाला दिलीत?"

वर्डीला आठवलं. मध्ये एकदा शनिवारी मोझेलचं औषध संपलं होतं, दुकान सोमवारशिवाय देत नव्हतं, आणि मोझेल पोटाशी गुडघे घेऊन कण्हत होती. हे सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? पण ही बाई चर्चमध्ये उभी राहून साक्ष द्यावी तशी म्हणाली, "माझ्या बहिणीला. एकदा, एकच." अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. डस्टिन उठून बाहेर गेला. अगं बाई, तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? पण तिला कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी ती ऐकणार थोडीच होती.

त्यांनी तिला जामिनावर सोडलं आणि कोर्टाची तारीख दिली. कोर्टात त्या दिवशी भिंतीकडेच्या टेबलाशी एक तरुण बाई बसली होती. टेसा गिबन्स तिचं नाव, केसांचा कसातरी बुचडा बांधलेला, पुढ्यात फायलींचा ढीग. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूनं लढायला कोर्ट जिला देतं ती ही. तिनं वर्डीला बाजूला घेतलं.

"वर्डीबाई, तुमची केस मी घेऊ शकते. तुम्हाला काही द्यावं लागणार नाही."

"आम्ही फुकटचं घेत नाही."

"फुकटचं नाही, तुमचा हक्क आहे."

"तुला पगार कोण देतं?"

"सरकार."

"आणि मला धरलं कुणी?"

टेसाला हसू आलं. "सरकारनंच."

"मग झालं तर."

टेसानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "विचार बदलला तर या. आणि तोवर कृपा करून कुणाशीही या विषयावर बोलू नका." वर्डीनं मान हलवली आणि कोर्टातून निघाली ती थेट प्रॅटर वकिलांकडे गेली.

हॉबर्ट प्रॅटर म्हणजे नोबलांचे आणि वर्डीच्या माहेरच्यांचेही वकील. वर्डीच्या वडिलांच्या जमिनीचे कागद त्यांनी केले, खाण कंपनीनं डोंगर पोखरला तेव्हा भांडले ते, मृत्युपत्रं केली ती त्यांनीच. देवमाणूस. जुन्या बँकेच्या माडीवर त्यांची कचेरी, आणि तिथं फौजदारी खटल्याचं पुस्तक शोधायला गेलात तर धुळीनं शिंका येतील.

"वर्डे, मी जमिनीचा वकील. या असल्या केसमध्ये मी शेवटचा उभा राहिलो तेव्हा माझे केस काळे होते."

"तुम्ही आमच्या वडिलांचं काम केलंत. तुम्ही आमचे वकील."

इथंच त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्या पोरीकडे जा, ती रोज हेच करते, एवढं एक वाक्य. पण म्हातारा भिडेला पडला. समोर ओळखीची बाई, तिच्या वडिलांनी दिलेली करंडेभर सफरचंदं खाल्लेली. कसं नाही म्हणणार? भिडेपायी माणसं माणसांचं जेवढं वाटोळं करतात तेवढं वैरी करत नसतील.

प्रॅटरसाहेब सरकारी वकिलाबरोबर जेवायला गेले, दोघं जुने ओळखीचे. दोन दिवसांनी खोऱ्यात आले आणि मोझेलच्या खाटेशी टोपी मांडीवर घेऊन बसले.

"ते म्हणतात, मोझेलला दिलेली गोळी म्हणजे वाटप. ते कलम लावलं तर तुरुंग ठरलेला. आणि साक्षीला मोझेलला बोलावतील."

"या अवस्थेत?"

"या अवस्थेत. पण तू नुसतं बाळगल्याचा गुन्हा कबूल केलास तर वाटपाचं सोडून देतात. तुरुंग नाही. काही वर्षं देखरेख, बाकी तू घरी."

"घरी?"

"घरी."

मोझेल उशीवरून म्हणाली, "अहो प्रॅटर, हिनं चोरी केली नाही की विकलं नाही, मग कबूल काय करायचं?" पण वर्डीनं त्यापुढचं काही ऐकलंच नाही. घरी म्हटलं ना, बस. मोझेलच्या खाटेजवळून उठायचं नाही, हा शब्द राहतो. "मी करते कबूल," ती म्हणाली. "मोझेल, तू मध्ये पडू नकोस."

कोर्टात तिनं कबूल केलं. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण अटी पाळल्या तर ती तुरुंगाबाहेर, देखरेखीखाली काढायची. न्यायाधीशांनी देखरेखीच्या अटी वाचल्या त्या तंबाखूच्या लिलावात बोली पुकारावी तशा, एका दमात. दारू नाही, हत्यार नाही, जिल्हा सोडायचा नाही, आपल्या नावचं नसलेलं कुठलंही गुंगीचं औषध ज्या घरात असेल त्या घरात राहायचं किंवा थांबायचं नाही. "समजलं?" प्रॅटरसाहेबांनी मान हलवली. त्यांना वाटलं नेहमीचंच असेल. वर्डी म्हणाली, "होय, साहेब." तिच्या डोक्यात मोझेलच्या रात्रीच्या जेवणाचं चाललं होतं, पातळ बीन्स पचतील का नुसता कॉर्नब्रेड दुधात कुस्करून द्यावा.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मोझेलचं दुखणं साध्या गोळ्यांना आवरेना. मरणाला टेकलेल्या माणसांकडे घरी येणारी नर्स असते, तशी एक गेल नावाची बाई येऊ लागली. तिनं एक लहानशी बाटली आणली, जिभेखाली थेंब टाकायचं मॉर्फिन, आणि फ्रिजच्या दारात ठेवली. त्या दिवशी मोझेल कित्येक दिवसांनी झोपली. वर्डी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहिली आणि मनात म्हणाली, देवा, निदान एवढं तरी नीट पार पाड.

दुसऱ्या दिवशी देखरेखीचा अधिकारी आला. रॉय लॅम्बर्ट, टोपी हातात, बोलायला मऊ. घर बघणं त्याचं कामच होतं. फ्रिज उघडला आणि तिथंच थांबला.

"हे कुणाचं?"

"माझं," मोझेल आतून म्हणाली. "मरायला टेकलेय, दिसत नाही का तुला?"

लॅम्बर्ट खजील झाला. त्यानं वर्डीला ओसरीवर नेलं आणि ती अट परत वाचून दाखवली, या वेळी हळू. "वर्डीबाई, एक तर हे औषध घरात राहील, नाही तर तुम्ही. दोन्ही नाही."

"आणि दोन्ही राहिलं तर?"

"तर मला लिहावं लागेल. मी लिहिलं की शिक्षेची ती पाच वर्षं तुम्हाला आत काढावी लागतील."

वर्डीनं खिडकीतून मोझेलच्या खाटेकडे पाहिलं. मग विचारलं, "ही अट बदलता येते का?"

"न्यायाधीशांना येते. मला नाही." जाता जाता तो ओसरीच्या पायरीवर थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ओसरीवर कुणी बसलं तर ते मी बघायला येत नाही. भिंतीच्या आत मात्र नको."

ती रात्रीपुरती ओढ्यापलीकडे आयसीकडे झोपायला गेली, आणि दिवस उजाडला की मोझेलच्या खिडकीखाली खुर्ची टाकून बसायला लागली. नोव्हेंबर सुरू झाला होता. खिडकी उघडी ठेवली तर मोझेलला थंडी बाधायची, बंद केली तर ऐकू येत नसे. म्हणून बोटभर फट ठेवायची. मोझेल खाटेवरून म्हणायची, "कशी दिसतेस माहितीय? वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी." वर्डी म्हणायची, "आणि तू मास्तरीणबाईंसारखी. झोप." आत गेल किंवा आयसी पाणी पाजायच्या, पाठ चोळायच्या, उशी सरळ करायच्या, आणि वर्डी काचेतून बघायची आणि चुकीचं चाललंय, उशी उलटी ठेवलीय म्हणून ओरडायची.

मग ती टेसा गिबन्सकडे गेली. डोक्यावर चर्चची टोपी घालून गेली, जणू कुणाची माफी मागायला निघाली होती.

"मी तेव्हा तुम्हाला नको म्हणाले."

"पुष्कळ लोक म्हणतात. बसा."

टेसानं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, लपवाछपवी न करता. "वर्डीबाई, वस्तू ताब्यात असणं एवढ्यानं सगळं ठरत नाही. ती का होती, कशासाठी होती, हे मांडायचं असतं. ओकीच्या बायकोनं तुम्हाला बोलावलं होतं. खोऱ्यातली किती घरं उभी राहून सांगू शकली असती की ही बाई गोळ्या नष्ट करायला नेते. तुम्ही कचेरीत जे बोललात ते बाजूला काढण्यासाठी मला भांडता आलं असतं. आणि काही झालं नसतं तरी पहिला गुन्हा म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारवर्गाला बसून केस पुसून टाकायची सोय असते. कबुली दिली की यातलं बहुतेक संपतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

टेसानं पुढ्यातली फाईल मिटली. सांगायला हीच पोरगी आली होती आणि आपणच तिला नको म्हटलं होतं, हे वर्डीलाच कळलं. रँडलच्या मयतीत चारचौघांत न रडलेली बाई त्या फायलींच्या ढिगाआड तोंड लपवून रडली. तिला राग प्रॅटरचा नव्हता, त्या परक्या अधिकाऱ्याचाही नव्हता. आपण आपल्या तोऱ्यापायी मोझेलचं हे केलं, एवढंच तिला दिसत होतं.

"एक अट तेवढी बदलून मागू," टेसा म्हणाली. "मी आजच अर्ज घालते. पण न्यायाधीश आपल्या जिल्ह्यात एका आठवड्याआड बसतात आणि सरकारी वकिलाला आधी कळवावं लागतं. गुरुवारची तारीख मिळेल."

"गुरुवार," वर्डी म्हणाली. "बघते. तिला सांगते."

सोमवारी मोझेलनं ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. तिला गुरुवार दूर आहे हे कळत होतं, मरणाऱ्याला कळतं. दुपारी गेल आली तेव्हा मोझेल तिला म्हणाली, "ती बाटली घेऊन जा."

"काय?"

"घेऊन जा म्हटलं. मला औषध नको. मला माझी बहीण आत हवीय."

गेलनं समजावलं, रागावली, शेवटी ओसरीवर येऊन वर्डीसमोर रडली. "तिचा हक्क आहे, मला न्यावंच लागेल. पण संध्याकाळी काय होईल ते तुम्हाला माहीत आहे ना?" गेलनं बाटली नेली आणि तिची गाडी वळणाआड गेली, तशी वर्डी आत आली. मोझेलच्या खाटेजवळ बसली, उशी नीट केली, केस विंचरले. दोघी बोलल्या. बसमधल्या पोरांच्या गोष्टी निघाल्या, शाळेतल्या जळलेल्या बिस्किटांची गोष्ट निघाली, मोझेल हसली सुद्धा. वर्डीला वाटलं, एवढंच मागणं होतं आपलं, यापेक्षा जास्त कधीच काही मागितलं नव्हतं.

उन्हं उतरली आणि आधीच्या औषधाचा अंमल ओसरला. आधी मोझेल गप्प झाली. मग तिनं उशीचा कोपरा दातात धरला. मग तिच्या तोंडून जो आवाज यायला लागला तो माणसाचा वाटत नव्हता. वर्डीनं पाठ चोळली, गरम पाण्याची पिशवी दिली, देवाचं नाव घेतलं. मोझेल दातांतून म्हणत होती, "उठू नकोस. सहन होतंय मला. उठू नकोस." तिला सहन होत नव्हतं. वर्डीच्या मनगटात तिची नखं रुतली होती.

वर्डी उठली. फोनपाशी गेली आणि गेलला म्हणाली, "घेऊन या परत. लवकर."

"वर्डे, नको," मोझेल म्हणाली.

"गप बस," वर्डी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मला तुझं असं बघवत नाही."

गेलची गाडी अंगणात लागली तेव्हा वर्डी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली आणि खुर्चीत बसली. आत थेंब पडले, आवाज हळूहळू थांबला. खिडकीच्या फटीतून मोझेल गुंगीत विचारत राहिली, "वर्डी कुठाय?" वर्डी बाहेरून म्हणत राहिली, "इथंच आहे गं, इथंच." पण ती कुठून बोलतेय ते मोझेलला आता कळत नव्हतं. ती दाराकडे बघायची. मंगळवारभर ती मधून मधून तेच विचारत होती, आणि दाराकडे बघत होती.

बुधवारी सकाळी, आयसी चहाला आपल्या घरी गेलेली आणि गेल नळावर भांडं विसळत असताना, मोझेल गेली. खोलीत कुणी नव्हतं. वर्डीनं काचेतून पाहिलं. तिनं काचेवर हात मारला आणि हाक मारली. गेल धावत आली, वाकली, घड्याळ बघितलं, आणि खिडकीकडे बघून मान हलवली.

वर्डी दाराशी आली आणि उंबऱ्याशी थांबली. गेलनं हात वर करून तिला थोपवलं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाटली अजून फ्रिजमध्ये होती. नियम होता की माणूस गेलं की उरलेलं औषध साक्षीदारासमोर मोजून नष्ट करायचं. गेलनं आयसीला हाक मारली. आयसी ओढा ओलांडून धापा टाकत आली. बाटली मोजली, मातीत ओतली, माती पिशवीत घातली, आयसीनं सही केली. त्यात बराच वेळ गेला. वर्डी उंबऱ्याबाहेर चौकटीला धरून उभी होती आणि तिची बहीण आत एकटी पडली होती.

गेल पिशवी घेऊन गाडीकडे गेली. तिच्याजवळून जाताना म्हणाली, "आता जा आत."

वर्डी आत गेली. खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. मोझेलचा गाल अजून गार पडला नव्हता. वर्डीनं पांघरूण तिच्या हनुवटीपर्यंत वर ओढलं आणि म्हणाली, "आले गं मी. मोझेल, बघ, आत आलेय."